गोठ्यातल्या माश्यांवर परोपजीवी गांधीलमाश्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेणाच्या ढिगाची कोरडी कड बोटभर उकरली की गव्हाच्या दाण्याएवढे, तांबूस-तपकिरी, आडव्या वळ्या असलेले कोष सापडतात. हे घरमाशीचे कोष. बहुतेकांतून चार-पाच दिवसांत माशी निघते. काहींतून मात्र माशी निघतच नाही. तीन आठवड्यांनी दोन-अडीच मिलिमीटरची काळी गांधीलमाशी कवच कुरतडून बाहेर येते. आतली माशी तिने अळी असतानाच खाऊन संपवलेली असते.

जिथे जनावरं, शेण आणि माश्या वर्षानुवर्षं आहेत तिथे या गांधीलमाश्या सहसा आपणहून आलेल्या असतात. त्या विकत आणणं किंवा पाळणं ही पुढची गोष्ट. आधी आहेत त्या जगवायच्या, आणि हे काम नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यापासून जमतं. म्हणून या लेखात शेण आणि औषधं आधी येतात, बरणीतलं पालन नंतर.

कोण कोण आहे

गोठ्यात दोन माश्यांचा त्रास मुख्य असतो. घरमाशी चावत नाही, पण दूध, जखमा, डोळे यांवर बसते. दुसरी चावणारी माशी, शास्त्रीय नाव स्टोमॉक्सिस. दिसायला ती घरमाशीसारखीच असते, पण तोंडापुढे सुईसारखी सोंड असते आणि ती जनावरांच्या पायांवर बसून रक्त पिते. जनावर सारखं पाय आपटत असेल तर तीच. तिला निव्वळ शेणापेक्षा मूत आणि शेण मिसळून कुजलेली वैरण जास्त आवडते, म्हणून ती गव्हाणीखालच्या कुजक्या कुट्टीत आणि भिजलेल्या कडब्याच्या थरात वाढते.

या दोघींच्या कोषांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांत स्पॅलँजिया ही सर्वांत महत्त्वाची. स्पॅलँजिया एंडियस आणि स्पॅलँजिया कॅमेरोनी या तिच्या जाती जगात जवळपास सगळीकडे सापडतात. काळी, चकचकीत, लांबट डोक्याची ही गांधीलमाशी शेणात आणि मातीत काही सेंटिमीटर खोल शिरून कोष शोधते. पॅकिक्रेपॉइडियस ही दुसरी, अंगाने आखूड आणि वरवरच्या कोषांवर काम करणारी. कधी कधी डोक्यावर दोन शिंगांसारखी टोकं असलेली जाडसर गांधीलमाशी निघते, ती डिरिनस. अमेरिका-युरोपात विक्रीला असते ती मस्किडिफ्युरॅक्स.

यातली एकही माणसाला किंवा जनावराला डंख मारत नाही. मादीच्या शेपटीकडची सुई अंडी घालण्यासाठी असते. ती कोषाला भोक पाडते, आतल्या माशीला विषाने निश्चल करते आणि कवच व माशी यांच्यामधल्या पोकळीत अंडं ठेवते. काही कोषांना ती नुसतं भोक पाडते आणि बाहेर आलेला रस पिते. त्या कोषातून मग माशी निघत नाही आणि गांधीलमाशीही नाही. मोजणी करताना हे लक्षात ठेवावं लागतं.

दोन गोंधळ इथेच मिटवू. कृषी सेवा केंद्रात मिळणारं ट्रायकोकार्ड या कामाचं नाही. त्या कार्डावरची ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर जगते, माशीच्या कोषाला ती हात लावत नाही. आणि इंटरनेटवर ‘माशीखाऊ गांधीलमाशी’ म्हणून नॅसोनिया दिसली तरी तिचा ओढा मेलेल्या जनावरावर वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्यांकडे असतो. शेणातल्या कोषांवर तिचा फारसा उपयोग नाही.

गणित कुठे अडतं

घरमाशीची मादी एका वेळी १०० ते १५० अंडी घालते, आणि असं आयुष्यात चार-पाच वेळा. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. स्पॅलँजियाला एक पिढी पुरी करायला तीन ते चार आठवडे लागतात आणि तिची पिल्लं माशीच्या मानाने बरीच कमी. म्हणजे गांधीलमाशीची एक पिढी होते तोवर माशीच्या दोन-तीन होऊन जातात. ओलं शेण साचू दिलं तर गांधीलमाशी कितीही सोडा, ती मागेच पडणार. ओल तोडून माशीचा वेग कमी केला तरच ती बरोबरीला येते.

पायरी १: तुमच्याकडे काय आहे ते बघा

लागणारं सामान: जुना चमचा, चाळणी, दोन काचेच्या बरण्या, दाट विणीचं मलमल कापड, रबर बँड, हातमोजे. पोल्ट्रीत काम करणार असाल तर तोंडाला मास्कही लावा, कोरड्या विष्ठेची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

१. शेणाच्या ढिगाची कड, गव्हाणीखालची फट, भिंतीचा पाया, रबरी मॅटची कड, पाण्याच्या टाकीजवळची मऊ माती अशा ५-६ जागा निवडा. ओल्या शेणाच्या मध्यात शोधू नका. अळी पूर्ण वाढली की कोरड्या जागी सरकते आणि तिथे कोष करते.

२. प्रत्येक जागेवरून ३०-४० अखंड कोष गोळा करा. एकूण २०० झाले की पुरे. रिकामी कवचं बाजूला ठेवा, ती आत्ताच वाचायची आहेत.

३. अखंड कोष बरणीत घाला, वर मलमल बांधा. मच्छरदाणीचं कापड चालत नाही, त्याच्या भोकांतून गांधीलमाशी सहज निसटते. बरणी सावलीत, मुंग्या पोचणार नाहीत अशी ठेवा.

४. आठवड्याभरात निघायच्या त्या सगळ्या माश्या निघून जातात. बरणी तासभर फ्रीजच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून माश्या मारण्याचा मोह टाळा, आतल्या गांधीलमाश्याही मरतील. बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उजेडाकडे धरा. माश्या पिशवीत जातात, मग पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवा.

५. न उघडलेले कोष दुसऱ्या बरणीत घालून आणखी चार आठवडे ठेवा आणि दर दोन दिवसांनी बघा.

रिकामी कवचं भिंगाखाली धरली की लगेच उलगडा होतो. माशी बाहेर पडताना डोक्यावरची पिशवी फुगवून कोषाचं एक टोक टोपीसारखं उघडते, त्यामुळे ते टोक सरळ फाटलेलं असतं आणि झाकण कधी लटकत असतं, कधी गळून गेलेलं. गांधीलमाशी दातांनी कुरतडून निघते. तिचं भोक लहान, गोलसर, एक-दीड मिलिमीटरचं आणि कडेला खडबडीत असतं. एकदा डोळा बसला की भिंगाचीही गरज लागत नाही, आणि ढिगाच्या कडेला उकिडवं बसून दहा मिनिटांत गोठ्याची अवस्था कळते.

समजा १०० कोषांतून ६२ माश्या आणि १७ गांधीलमाश्या निघाल्या, २१ कोष तसेच मेले. गांधीलमाशीचं काम १७ टक्के असं लगेच लिहू नका. मेलेल्या २१ पैकी काही तिने रस पिऊन मारलेले असणार. काही उन्हाने, काही बुरशीने गेलेले. वहीत तिन्ही आकडे वेगळे लिहा आणि पुढच्या महिन्याशी ताडून बघा. जात ओळखून हवी असेल तर निघालेल्या गांधीलमाश्या सर्जिकल स्पिरिटमध्ये लहान बाटलीत ठेवून राहुरी, परभणी, अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागाकडे विचारा.

पायरी २: शेणाची ओल तोडा, पण सगळं एकदम उचलू नका

अळ्यांना ओल लागते. कोंबडीची ताजी विष्ठा साधारण ७५ टक्के पाण्याची असते आणि माशीला तेच हवं असतं. ती जितकी लवकर सुकेल तितक्या माश्या कमी. पोल्ट्रीत बहुतेक वेळा मूळ दोष गळक्या निपलचा, म्हणजे कोंबड्या पाणी पितात त्या तोटीचा असतो. पिंजऱ्याखालचा ढीग जिथे काळा आणि चिकट दिसतो त्याच्या बरोबर वर बघा, निपल टपकत असेल. तो बदलला की त्या जागेचा प्रश्न बराचसा मिटतो.

गाई-म्हशींच्या गोठ्यात शेण रोज उचलायचं, आणि गव्हाणीखालची कुजकी वैरण आठवड्यातून एकदा तरी, पावसाळ्यात दोनदा काढायची. माशीचं चक्र ७ दिवसांचं धरलं तर आठवड्यापेक्षा जास्त अंतर पडलं की एक पिढी निसटतेच. मुताची नाली उतरती आणि मोकळी ठेवा. उन्हाळ्यात गोवऱ्या थापणाऱ्यांच्या अंगणात माश्या कमी दिसतात याचं कारण सरळ आहे, पातळ थापलेलं शेण अळीची वाढ पुरी होण्याआधी वाळतं. पावसात हा मार्ग बंद होतो. तेव्हा उकिरड्यावर काळा प्लॅस्टिक कागद घालून कडा मातीने दाबा. आतली उष्णता वाढते आणि अळ्या वरच्या थरात टिकत नाहीत.

नवा माणूस उत्साहाने एक चूक हमखास करतो: दिवाळीच्या साफसफाईसारखं सगळं जुनं शेण एका दिवसात झाडून टाकतो. त्याबरोबर गांधीलमाश्या असलेले कोषही जातात आणि अळ्या-अंडी खाणारे भुंगेरे व कोळीही. पंधरा दिवसांनी ताज्या शेणावर नव्या माश्या येतात, त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून:

- पोल्ट्रीत पिंजऱ्यांच्या ओळी एकाआड एक साफ करा. उरलेल्या ओळी तीन आठवड्यांनी, म्हणजे त्यांतल्या गांधीलमाश्या बाहेर पडल्यावर.
- ढीग उचलताना तळाचा १० ते १५ सेंटिमीटर जुना, कोरडा थर शिल्लक ठेवा. ताजी विष्ठा त्यावर पडली की लवकर सुकते, आणि मित्रकीटक तिथूनच वर चढतात.
- गोठ्यात एका कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी, घमेलंभर जुनं कोरडं शेण कोषांसकट राहू द्या.

पायरी ३: औषध कुठे मारायचं, कुठे नाही

शेणावर, ढिगावर, उकिरड्यावर फवारा किंवा माशीमार पावडर अजिबात नको. पायरेथ्रॉइड गटातली औषधं गांधीलमाशीला माशीपेक्षाही जड जातात. माश्यांत त्यांचा प्रतिकार तयार झालेला असतो, गांधीलमाशीत सहसा नसतो. फवारणीनंतर महिनाभरात माश्या आधीपेक्षा वाढल्याची तक्रार येते तिचं एक मोठं कारण हेच.

अगदीच गरज पडली तर माश्या रात्री बसतात त्या आढ्यावर आणि वाशांवर औषध मारा, जनावरं आणि वैरण सांभाळून. साखरेत कालवलेलं आमिष ताटलीत ठेवणं त्याहून बरं, कारण शेणात फिरणारी गांधीलमाशी त्याकडे फारशी येत नाही. अंड्याच्या पोल्ट्रीत अळ्यांसाठी सायरोमेझिन वापरलं जातं. ते अळीची कात टाकणं अडवतं आणि मित्रकीटकांना तुलनेने कमी बाधतं. मात्र खाद्यातून द्यायचं असेल तर प्रमाण पशुवैद्यकाकडूनच घ्या. चिकट पट्ट्या चालतात, फक्त ढिगापासून उंच टांगा.

पायरी ४: बरणीतलं पालन

वरच्या तीन पायऱ्या महिना-दीड महिना पाळल्याशिवाय इथे येऊ नका. आणि हिशेब आधी करा. अमेरिकेतल्या डेअरी गोठ्यांसाठीची एक प्रचलित शिफारस दर दुभत्या गाईमागे आठवड्याला २०० गांधीलमाश्या आणि दर वासरामागे १,००० अशी आहे. वासरांचा आकडा मोठा, कारण त्यांच्या ओल्या अंथरुणात माशी सर्वांत जास्त वाढते. दोन-चार जनावरांच्या गोठ्याला घरचं पालन पुरतं. पन्नास गाईंना लागणारा आकडा बरण्यांतून निघणार नाही, तिथे मेहनत शेणावर खर्च करा. परदेशातून गांधीलमाश्या मागवण्याचा विचार सोडून द्या; जिवंत कीटक आणायला केंद्र सरकारच्या वनस्पती संगरोध आदेश २००३ प्रमाणे परवाना लागतो. पायरी १ मध्ये निघालेल्या तुमच्याच गोठ्यातल्या गांधीलमाश्या बीज म्हणून उत्तम, त्या तुमच्या हवेला सरावलेल्या असतात.

पाळायच्या असतात आधी माश्या, मग गांधीलमाश्या.

माशीचे कोष तयार करणं. अर्धा किलो गव्हाचा कोंडा, एक मोठा चमचा दूध पावडर, सुमारे ७०० मिलिलिटर पाणी. मुठीत दाबल्यावर दोन-तीन थेंब गळावेत इतकीच ओल. हे मिश्रण टबात ७-८ सेंटिमीटर जाडीचं पसरा. जास्त जाड थर आंबून तापतो आणि अळ्या वर चढून पळतात किंवा मरतात. फार ओलं झालं तर तळाला सडतं, फार कोरडं झालं तर कोष खुरटे होतात आणि खुरट्या कोषातून निघणाऱ्या गांधीलमाश्यांत नरच जास्त निघतात.

जाळीच्या पिंजऱ्यात माश्या ठेवून त्यांना साखर, दूध पावडर आणि ओला स्पंज द्या. दोन दिवस आंबवलेला कोंडा दुधात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवला की त्याच्या घड्यांत अंडी मिळतात. वरच्या मापाला १,००० अंडी पुरतात, म्हणजे ज्वारीच्या तीन दाण्यांएवढा पांढरा पुंजका. याहून जास्त टाकली की सगळ्याच अळ्या उपाशी राहतात. टबावर मलमल घट्ट बांधा. पाचव्या दिवशी कडेने कोरड्या भुश्याचा थर द्या, अळ्या त्यात जाऊन कोष करतात.

कोष तपकिरी झाले की भुसा बादलीभर पाण्यात सोडा. कोष आणि हलका भुसा तरंगतो, कोंडा तळाला बसतो. कोष चाळणीने काढून सावलीत लगेच सुकवा. पांढरे, मऊ कोष पाण्यात घालू नका, दबतात.

गांधीलमाशीला कोष देणं. कोष एक ते दोन दिवसांचे असावेत. जुना, काळपट झालेला कोष मादी नाकारते, किंवा त्यातून माशी निघून जाते. एक लिटरच्या बरणीत ५०० कोष, त्यावर सेंटिमीटरभर कोरडा भुसा, आणि ५० ते १०० माद्या. मलमलीच्या आतल्या बाजूला मधाची पातळ रेघ ओढा. थेंब मोठा झाला तर गांधीलमाश्या चिकटून मरतात. दोन दिवसांनी गांधीलमाश्या पुढच्या बरणीत घ्या. चार-पाच दिवस त्याच कोषांवर राहू दिल्या तर एकाच कोषात अनेक अंडी पडतात, कोष वाया जातात आणि नर वाढतात. फक्त नरच निघाले तर समजा की बीजातल्या माद्यांना नर भेटलेच नव्हते. न फळलेल्या अंड्यातून नर होतो. नर माद्यांपेक्षा दिवस-दोन दिवस आधी निघतात, म्हणून ते नर सोडून नंतर निघालेल्या माद्याच तेवढ्या बीजासाठी उचलल्या की हे होतं.

बरणी २५ ते २८ अंशांत ठेवा. आठवड्याच्या आत वाचलेल्या माश्या निघतील, त्या पिशवीच्या युक्तीने काढा. फ्रीझरमध्ये मारलेले कोष वापरले तर ही कटकट नाही, आणि मस्किडिफ्युरॅक्सला ते चालतातही. स्पॅलँजियाची पैदास मात्र त्यांवर खूप घटते.

मुंग्या हा इथला सर्वांत मोठा शत्रू. मांडणीचे चारही पाय पाणी आणि थोडं तेल असलेल्या वाट्यांत ठेवा. एका रात्रीत मुंग्या बरणी रिकामी करतात.

पायरी ५: सोडणं

विसाव्या दिवसापासून बरणी रोज बघा. पहिले नर दिसले की उरलेले कोष लहान जाळीच्या पिशव्यांत ५०-१०० असे वाटून घ्या. जाळी अशी हवी की गांधीलमाशी बाहेर पडेल, पण कोंबडी किंवा उंदीर कोष खाणार नाहीत. पिशव्या गव्हाणीच्या मागे, वासरांच्या कोंडीजवळ, ढिगाच्या सावलीतल्या कडेला ठेवा. ऊन, पाणी आणि जनावराचा पाय लागणार नाही हे बघा. स्पॅलँजिया फार लांब जात नाही, तिचं बरंचसं काम काही मीटरांतच होतं. म्हणून एका जागी मोठी पिशवी ठेवण्यापेक्षा दर ५ मीटरवर एक लहान पिशवी ठेवा.

सुरुवात मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी करा आणि दर आठवड्याला चालू ठेवा. जुलैत माश्यांचे थवे झाल्यावर एकदाच हजार सोडून काही हाती लागत नाही.

पायरी ६: मोजणं

माश्या बसतात तिथे, आढ्याला किंवा खांबाला, साधारण पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं ५-६ ठिकाणी लावा. आठवड्याने त्यावरचे काळे-तपकिरी ठिपके मोजा. एका कार्डावर आठवड्यात १०० च्या वर ठिपके म्हणजे माश्या जास्त. चावणाऱ्या माशीसाठी सकाळी १५ जनावरांचे पुढचे पाय बघा. सरासरी एका पायावर ५ माश्या म्हणजे आता गव्हाणीखाली हात घालायलाच हवा.

गांधीलमाशीचं काम मोजायला जाळीच्या पिशवीत ३० ताजे कोष घालून ढिगाच्या कडेला तीन दिवस पुरून ठेवा आणि मग बरणीत घाला. तसेच ३० कोष घरात, गांधीलमाशी पोचणार नाही अशा बरणीत ठेवा. घरातल्या ३० मधून २७ माश्या निघाल्या आणि ढिगातल्या ३० मधून १५, तर फरक १२ चा. रस पिऊन मारलेले कोषही यात आपोआप धरले जातात. पहिल्या महिन्यात हा फरक तीन-चारच आला तर बरणी वाढवण्याआधी निपल, नाली आणि कुणी शेणावर पावडर टाकतंय का ते बघा. थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, दोन्हींची वाढ मंदावते. तेव्हाचे आकडे पावसाळ्याशी ताडू नका, पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा.